मास्तरांचे चारशे धागे

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात आमच्या मास्तरांना टॉवेल-टोपीचा आहेर झाला. टोपी डोक्यावर चढवायची, टॉवेल खांद्यावर घ्यायचा, हात जोडायचे आणि खाली उतरायचं, एवढंच त्यात असतं. मास्तरांनी टोपी चढवली. टॉवेल मात्र खांद्यावरून काढून त्यांनी हातात उलगडला, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेलं पितळी भिंग त्यावर टेकवलं आणि स्टेजवरच वाकून धागे मोजायला लागले. मागं आहेर घेणाऱ्यांची रांग थांबली. नऊ माणसं होती. माझे होणारे व्याही तबक धरून उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी घाम पुसत होतो.

मोजून झाल्यावर मास्तर व्याह्यांना शांतपणे म्हणाले, "चांगला हाय. इंचामागं चार धागे कमी हायेत, तेवढंच. आपल्या सोलापूरचा न्हाय."

टॉवेल मी आणलेला होता. बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढलेल्या माणसानं, डझनाचा भाव बरा पडला म्हणून, बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून. व्याही समजूतदार निघाले, मोठ्यानं हसले, आणि लग्न ठरल्याप्रमाणं झालं. पण आजही त्यांच्याकडे गेलो की ते माझ्या हातात टॉवेल देताना म्हणतात, मोजून घ्या.

मास्तरांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि कारखान्यात निम्म्या लोकांना ते ठाऊकही नव्हतं. अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात टॉवेलांच्या नक्ष्या काढण्याचं काम त्यांचं. कुठला धागा वर यायचा आणि कुठला खाली जायचा, हे आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकट भरून ठरवायचं, मग मागावर जायचं. हा कागद म्हणजे ग्राफ. मी उत्पादनाच्या नियोजनाला. किती माग, किती पाळ्या, किती माल, कधी, हे ठरवायचं काम माझं.

त्यांची घरची भाषा तेलुगू, आमच्याशी मराठी. यंत्रावर रागावले की परत तेलुगू. "एमय्या," असं ते बंद पडलेल्या मागाला म्हणत, म्हणजे "काय हो, काय चाललंय?" असं एखाद्या उशिरा आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं.

फुलाला ते फूल म्हणत नसत. गुलाब म्हणजे बत्तीस बाय चाळीस. मोर म्हणजे एकशे साठ बाय दोनशे, पिसारा मिटलेला. रेघांचा किंवा चौकड्यांचा शर्ट त्यांनी आयुष्यात घातला नाही, आणि समोरच्यानं घातलेला असला तर त्यांचं बोलण्यात लक्ष लागत नसे. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचं सगळं बोलणं मान डोलवत ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "सायब, खिसा दीड धागा खाली बसलाय." अधिकाऱ्यांनी खिशाकडे पाहिलं. मग उरलेली तपासणी त्यांनी त्या खिशावर हात ठेवून केली.

भिंग ते कशावरही ठेवत. वर्तमानपत्रातला फोटो, एसटीचं तिकीट, कडक भाकरीचा पापुद्रा. आपण एखाद्या गोष्टीबद्दल "छान दिसतंय" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "बघू नका, मोजा."

हे वाक्य मला फार आवडायचं. मी स्वतःला मोजणारा माणूस समजत आलो आहे. घराच्या जिन्याला किती पायऱ्या, गॅसची टाकी किती दिवस पुरली, गिझर किती मिनिटांत तापतो, हे मला तोंडपाठ असतं. त्यामुळे मास्तर आणि मी एका जातीचे, असा माझा समज होता. मास्तरांचा असा काही समज असल्याचं मला कधी दिसलं नाही.

कारखान्यात संगणक आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मास्तर घरी बसणार. मास्तरांनी जाड, चौकोनी पडद्यावर भिंग ठेवून अर्धा दिवस नुसता पडदा पाहिला आणि जाहीर केलं, "हा बी ग्राफच की. चौकटीत रंगाऐवजी उजेड भरलाय, एवढंच." पडद्याचा एक ठिपका म्हणजे एक धागा, असा त्यांनी हिशेब बसवला आणि पंधरा वर्षं त्याच पडद्यावर, त्याच जुन्या प्रोग्रॅमवर काम केलं. पुढं पडदे सपाट झाले, रुंद झाले. मास्तरांनी आपला जाड पडदा सोडला नाही.

मग धाकट्या शेठनी कारभार हातात घेतला आणि कचेरीसाठी नवे लॅपटॉप, मोठे पडदे आणि डॉक मागवले. डॉक म्हणजे साबणाच्या डबीहून थोडा मोठा डबा. लॅपटॉपला त्याची एकच वायर लावायची, की डब्याच्या मागं जोडलेले दोन पडदे, कीबोर्ड, माउस सगळं एकदम जिवंत होतं. निदान खोक्यावर तसं लिहिलेलं होतं. आकड्यांचा माणूस म्हणून जोडणी माझ्याकडे आली. मी ती आनंदानं घेतली.

अडचण अशी होती की लॅपटॉपचा पडदा लहान, पण त्यातले ठिपके दाट. मोठ्या पडद्यांचे ठिपके विरळ. म्हणून प्रत्येक पडद्याला अक्षरं किती मोठी दाखवायची याची वेगळी टक्केवारी द्यावी लागते. ती जुळली नाही की लॅपटॉपवर ताटलीएवढी दिसणारी खिडकी मोठ्या पडद्यावर ओढताना परातीएवढी होते. मीटिंगसाठी वायर काढून लॅपटॉप काखेत मारून नेला, की पडद्यांवरच्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर गर्दी करून बसत. परत येऊन वायर लावली की काही परत जात, काही जात नसत, आणि अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी दिसत. रोज सकाळी हे सगळं सरळ करायला मला अकरा मिनिटं लागत. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

शेवटी मी एक तक्ता करून पडद्यामागच्या भिंतीवर चिकटवला. लॅपटॉप १५०, डावा पडदा १००, उजवा पडदा १२५. खाली लाल शाईत "बदलू नये" आणि माझी सही. उजव्याला सव्वाशे का, असं कुणी विचारलं तर मी सांगायचो, ते आपलं प्रमाण ठरलंय. खरं कारण असं की उजवा पडदा रोजच्या वाचनाचा, आणि शंभरावर मला त्यातलं वाचता येत नव्हतं. घरी मी औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला बाल्कनीत उजेडाला जायचो. बायको म्हणायची, डोळे तपासून घ्या. मी म्हणायचो, हल्ली छपाईच बारीक करतात. घरात मला चष्मा नको होता म्हणून कारखान्याचं प्रमाण सव्वाशे टक्के ठरलं.

आता दोष-वहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

ही लाल पुठ्ठ्याची वही मीच सुरू केली होती. मालात दोष निघाला की त्यात नोंद: तारीख, माल, दोष, डिझायनर, सही, आणि शेवटच्या रकान्यात दोष असलेल्या कापडाचा तुकडा पिना मारून. नियमही माझेच. शाईनं लिहायचं, खाडाखोड नाही, पानांना नंबर. कापडाशिवाय नोंद नाही. त्या वहीत सगळ्यांची नावं होती. माझी नियोजनाची चूकही दोन ठिकाणी होती, थोड्या बारीक अक्षरात. मास्तरांचं नाव एकदाही नव्हतं. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत; फक्त दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत माझ्याकडून वही मागून घेत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळत आणि परत ठेवत.

मास्तरांची साठी उलटून गेली होती. दर जूनमध्ये त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळे. त्या वर्षी मे महिन्यात धाकट्या शेठनी मला बोलावून विचारलं, "काका, मास्तरांचं काय करायचं? तुमचं मत काय?" मी म्हटलं, एक नवी बॉर्डर येतेय, ती बघून सांगतो. मत द्यायला आपल्याजवळ काही पुरावा असावा, असं मला वाटतं.

बॉर्डर आली. मास्तरांनी ती आपल्या जाड पडद्यावर काढून माझ्याकडे पाठवली होती. चारशे धागे, एक गडद, एक पांढरा, एक गडद, एक पांढरा, लांबून पाहिलं तर राखाडी रेशमासारखी दिसावी अशी. मी ती उजव्या पडद्यावर उघडली आणि पाहिलं तर प्रत्येक चौथ्या धाग्याशी एक जाड, मळकट रेघ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नेमानं. मी खुर्ची मागं घेऊन पाहिलं, पुढं घेऊन पाहिलं. रेघ होतीच.

नमुना विणायचा माग त्या आठवड्यात मोकळा नव्हता. शेठना मात्र उत्तर हवं होतं. मी दोष-वही उघडली आणि लिहिलं: बॉर्डर, चारशे धागे, प्रत्येक चौथ्या धाग्याशी जाड रेघ. डिझायनरच्या रकान्यात मास्तरांचं नाव लिहिलं. कापडाच्या रकान्यात लिहिलं, "नंतर जोडू". नियम करणाऱ्यानंच तो पहिल्यांदा मोडला आणि त्या वेळी मला ते खटकलंसुद्धा नाही. उलट अक्षर चांगलं आलं म्हणून बरं वाटलं.

शेठना मी सांगितलं की हात अजून चांगला आहे, पण नजर गेली असावी. वाईट वाटतं, पण आकडे आकडे असतात. हे बोलताना मी चेहरा बराच गंभीर केला होता, असं आठवतं.

मास्तरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. आवाज शक्य तेवढा मऊ ठेवला. वय कुणाला चुकलंय, असंही म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. वही मागितली, नोंद वाचली, सही केली. मग दोन दिवस ते ग्राफ पसरून पहिल्या धाग्यापासून मोजत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्याचं कळलं. मला त्यांची कीव आली. ही कीव मला फार महाग पडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मी डॉकची वायर लावून खिडक्या सरळ करत असताना, मास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"सायब, ती बॉर्डर हितं लावा. जशी बघितलाव तशी."

मी उजव्या पडद्यावर लावली. त्यांनी भिंग काढलं.

"माझं डिझाइन किती धाग्यांचं हाय?"

"चारशे."

"लिवा."

मी लिहिलं. त्यांनी भिंग पडद्याला टेकवलं आणि तेलुगूत ओठ हलवत ठिपके मोजायला लागले. भिंगाची चौकट एका इंचाची. एक इंच झाला की मला आकडा सांगत, भिंग पुढं सरकवत. मी लिहीत गेलो: ब्याऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी, ब्याऐंशी. शेवटी तुटक दहा. मध्येच एकदा थांबून, "पांढऱ्यात बी तांबडा, हिरवा, निळा तीन धागे हायेत की," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यातही त्यांना आनंद झाल्याचं मला दिसलं.

"बेरीज करा."

मी केली. तीन दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी मोजत होतो.

"पाचशे," मी म्हटलं.

"सायब, मी चारशेच दिलो. वरचे शंभर कुणाच्या घरनं आणलाव?"

चारशेचे पाचशे म्हणजे सव्वापट. सव्वापट म्हणजे सव्वाशे टक्के. पाढे म्हणणाऱ्या पोरालाही कळावं असं गणित, आणि त्याचं उत्तर पडद्याच्या मागं भिंतीवर, माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी, लाल शाईत "बदलू नये" म्हणून चिकटवलेलं. मास्तरांचा प्रोग्रॅम जुना. त्याला टक्केवारी समजत नव्हती. म्हणून लॅपटॉप त्याचं चित्र ओढून ताणून सव्वापट करत होता. पाच ठिपक्यांची जागा चार धाग्यांनी भरायची, तर कुठला तरी धागा फुगणारच. तो दर चौथ्याशी फुगत होता.

मी खिडकी डाव्या पडद्यावर ओढली. तो शंभरावर होता. तिथं मी नेहमी माझे तक्ते ठेवायचो, डिझाइन कधी नेलंच नव्हतं. रेघ गेली. राखाडी रेशीम आलं.

"आता माझं हाय," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी तक्ता वाचला आणि सव्वाशे कशापायी, असं विचारलं. मी म्हटलं, ते प्रमाण ठरलंय. त्यांनी ग्राफचा कागद माझ्यापुढं धरला आणि कोपऱ्यातल्या बारीक आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, वाचा. मी कागद हातात घेऊन खिडकीकडे निघालो. तीन पावलं गेल्यावर लक्षात आलं, आपण काय करतोय ते.

मास्तर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. खालच्या आवाजात म्हणाले, "परवा घरात सांगितलो, काम सोडतो म्हणून. डोळं गेलं म्हणून. डाक्टर म्हणाला, डोळं चांगलं हायेत. मला डाक्टरवर इश्वास बसंना. तुमी लिवलंय म्हणल्यावर."

मुदतवाढ न देण्याचं पत्र टाइप होऊन धाकट्या शेठच्या टेबलावर गेलेलं होतं. मी माझ्या टेबलावर बसून त्यांच्यासाठी खुलाशाची चिठ्ठी लिहायला घेतली. पहिला मसुदा: "डॉकमधील तांत्रिक अडचणीमुळे". दुसरा: "पडद्यांच्या प्रमाणातील तफावतीमुळे". तिसऱ्यात मी त्या परदेशी डब्यावर एवढे आरोप केले की वाचणाऱ्याला वाटावं, डॉकनंच उठून वहीत नोंद केली. तिन्ही फाडले. डबा बिचारा मी सांगितलेली टक्केवारी पाळत होता. वर जाऊन मी तोंडानं सांगितलं: टक्केवारी मी ठेवली, डोळे माझे गेलेत, मोजायच्या आधी लिहिलं, पत्र परत घ्या.

धाकट्या शेठनी माझ्यासमोरच पत्र फाडलं. मग मास्तरांना बोलावलं, मुदतवाढ दिली आणि म्हणाले की वहीतलं ते पान काढून टाकू, विषय संपला. मला हा मार्ग एकदम पटला. नियम माझेच असूनही पटला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

"पान फाडू नका," मास्तर म्हणाले. "नंबर तुटंल. पुढच्या माणसाला वाटंल, काय तरी दडवलंय. माझ्या नावाखाली खरं काय ते लिवा, आणि ज्याचा दोष त्याचं नाव घाला."

मी तिथंच, शेठच्या टेबलावर, लिहिलं: वरील नोंद चुकीची, दोष पाहणाऱ्याच्या पडद्याचा. डिझायनरच्या रकान्यात नाव घालताना थांबलो. नावासाठी दुसरा रकानाच नव्हता. मी माझं नाव घातलं. या वेळी नेहमीच्या अक्षरात.

"कापड?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, कापड कुठून आणू, हा दोष विणलाच गेला नाही.

"कापडाबगर नोंद हुती व्हय? ते माझ्यावर सोडा."

पुढचे दोन दिवस ते माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले, उजव्या पडद्यावर भिंग लावून. मला जे दिसलं होतं ते त्यांनी ठिपका न् ठिपका कागदावर उतरवून घेतलं. फुगलेला धागा, त्याच्या बाजूचा मळका धागा, सगळं. मग नमुन्याच्या मागावर स्वतः उभे राहून वीतभर कापड विणून घेतलं. मी ते मोजलं. पाचशे धागे होते, एक कमी नाही की जास्त नाही. त्याच आठवड्यात मी चष्मा केला आणि भिंतीवरचा तक्ता काढला. मास्तर त्यानंतर दोन वर्षं काम करून आपल्या इच्छेनं थांबले, आणि वहीत त्यांच्या नावाची दुसरी नोंद झाली नाही.

कापड वहीला लावलं त्या दिवशी आम्ही तिघं होतो. मी पिना मारल्या. धाकट्या शेठनी कापड चिमटीत धरलं, उजेडाकडे केलं आणि विचारलं की हे नवीन काय आहे, कुणाचं डिझाइन?

मास्तरांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

"सायबांचं," ते म्हणाले. "विणलंय चांगलं. डिझाइनमध्ये दम न्हाय."